कागदावरचं नाव

रात्री सव्वाअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस घाबरलेला होता, पण बोलण्यात सरकारी ऑफिसातली अदब होती. "सर, तुम्हीच ना आमचे नेटवर्क इंजिनिअर? इथं सगळं बंद पडलंय. सकाळी साहेबांची व्हीसी आहे." कुठून बोलताय विचारलं, तर त्याने जिल्ह्याचं नाव सांगितलं. त्या जिल्ह्यात मी उभ्या जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं. राँग नंबर म्हणून ठेवणार, तोच तो म्हणाला, "फायलीत तुमचं नाव आहे, सर. बायोडेटा आहे फोटोसकट. सर्टिफिकेटची झेरॉक्सपण आहे."

झेरॉक्स माझीच होती, यात शंका नव्हती. मी तेव्हा ज्या फर्ममध्ये होतो, तिथे टेंडर भरायच्या दिवशी आमच्या फायली कपाटातून निघायच्या. टेंडरच्या अटींत एक कलम ठरलेलं असे: किमान दोन सीसीएनए आणि एक सीसीएनपी (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षा) उत्तीर्ण अभियंते साइटवर पूर्णवेळ. आमच्याकडे माणसं अकरा, त्यातली कागद असलेली तीन. ती तीन माणसं एकाच वेळी चार जिल्ह्यांत पूर्णवेळ होती. त्या ऑफिसात प्रत्यक्षात होता महिना आठ हजारांवर ठेवलेला एक पोरगा, आणि तोही त्या आठवड्यात गावच्या जत्रेला गेलेला.

मी अंथरुणात उठून बसलो. "स्विचसमोर जाऊन उभे राहा," म्हटलं.

"कुठला स्विच, सर? लाइटचा?"

"नाही हो. ते चपटं डबडं, ज्याला ओळीनं वायरी खोचल्यात."

"हां, आलो."

"त्यावरचे हिरवे दिवे कसे लुकलुकतायत? आपापल्या लयीत, का सगळे एकदम?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एकदम, सर. गणपतीतल्या माळेसारखे."

निम्मं काम तिथेच झालं. एकाच जाळ्यात वायरीची दोन्ही टोकं कुणी खोचली की निरोप गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या नकला निघतात, आणि बघता बघता त्या नकलांनीच सगळी वाट भरून जाते. आमच्यात त्याला लूप म्हणतात. मी त्याला एकेक वायर काढायला लावली, दर वायरीला दिव्यांकडे बघायला लावलं. सतराव्या वायरीला दिवे शांत झाले. ती वायर आस्थापना शाखेत जात होती. तिथल्या टेबलाखाली आठ पोर्टांचा एक स्वस्तातला स्विच, आणि त्यातून निघालेली एक वायर परत त्यातच. दुपारी झाडताना कुणाला तरी तिचं टोक मोकळं पडलेलं दिसलं असणार, आणि त्याने ते चांगल्या मनाने खोचून दिलं असणार. फोन ठेवला तेव्हा पावणेएक वाजून गेले होते. ठेवता ठेवता तो म्हणाला, "एकदा येऊन जा ना, सर. तुमचं नाव रोज बघतो फायलीत." येतो म्हटलं. गेलो नाही.

फर्मच्या मालकाला मी दुसऱ्या दिवशी काही बोललो का? नाही. हप्ते चालू होते.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात राहिली. त्या कागदाची किंमत फर्मला पै-पैशासकट माहीत होती. टेंडरमध्ये त्याला गुण होते. उपकरणं बनवणाऱ्या कंपनीकडून सवलत मिळवायची तर किती प्रमाणित माणसं पदरी आहेत, याचा हिशेब द्यावा लागे. सिस्कोचा गोल्ड पार्टनर व्हायला त्या काळी चार सीसीआयई, म्हणजे त्याहून वरची परीक्षा झालेली माणसं, लागत, म्हणून पुण्या-मुंबईत सीसीआयई माणसाला पळवून नेण्याचे प्रकार चालत. हा भाव सगळ्यांना पाठ होता. माझ्या लेखी त्या कागदाची किंमत काय, हे मात्र मला नीट सांगता येत नव्हतं.

आमच्या घरात सर्टिफिकेट या वस्तूला मोठा मान. माझे वडील आण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. कॉलनीतल्या खोलीत विठ्ठल-रखुमाईच्या फोटोशेजारी त्यांचा दाखला काचेत लावलेला होता, आणि दसऱ्याला त्याच्यावरही झेंडूचं फूल चढे. लहानपणी मला वाटायचं, तो आण्णांनी काहीतरी जिंकलं म्हणून मिळालाय. पुढे कळलं, तो नसता तर त्यांना बॉयलरपाशी उभंच करता आलं नसतं. तेव्हा १९२३ सालचा बॉयलरचा कायदा होता. प्रमाणित माणूस हजर असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. बॉयलर इन्स्पेक्टर तपासणीला आला की हे बघणारच. तिथे नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे असं चालत नव्हतं, निदान आण्णा तरी तसंच सांगत.

त्यांच्या तोंडी परीक्षेतला एक प्रश्न आमच्या घरात म्हणीसारखा वापरला जाई. "गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही. काय कराल?" न शिकलेला माणूस म्हणतो, पाणी सोडीन. आणि तेच करायचं नसतं. पाणी उतरलं म्हणजे नळ्या तापून लाल झालेल्या असू शकतात. त्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते आणि बॉयलर फुटतो. आधी आग काढायची, बगॅस बंद, पंखे बंद, आणि तो थंड होईपर्यंत हात बांधून उभं राहायचं. हे उत्तर त्यांनी परीक्षेत दिलं आणि विसरून गेले. नंतर कितीतरी वर्षांनी, ऐन सीझनला, रात्रपाळीत फीड पंपाने दगा दिला आणि ग्लास रिकामा दिसला. हेल्पर व्हॉल्व्हकडे धावला. आण्णांनी त्याचं मनगट धरलं. ती गोष्ट सांगताना ते आजही डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरून दाखवतात. सहा तास गाळप बंद राहिलं, शिफ्ट इंजिनिअर वाट्टेल ते बोलला. "बोलू दे," आण्णा म्हणत, "बोलायला जिता राहिला न्हवं."

नेटवर्क फुटत नाही. म्हणून आमच्या धंद्यात असा कायदा नाही. एकाच भिंतीत दोन पाइप जातात. एकातून विजेची वायर ओढणाऱ्याला वायरमनचा परवाना लागतो, दुसऱ्यातून नेटवर्कची केबल ओढणाऱ्याला शिडी असली तरी पुरते. मी असाच शिडीवरून या धंद्यात आलो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून २००५ साली पुण्याला आलो, कॉटबेसिसवर राहिलो आणि केबल ओढायला लागलो. पगार साडेपाच हजार. फॉल्स सीलिंगवरची धूळ, क्रिंपिंगचा पाना, आणि जिभेवर बसलेला मंत्र: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिवसाला दोनशे टोकं मारत होतो, पण हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळा का घालायचा, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एकदा घाईत मी ठरवलं की रंग सरळ जोडीजोडीने लावू. दोन्ही टोकांना सारखंच लावलं म्हणजे झालं. टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने पेटले. बिल निघालं. आठवड्याने त्या ऑफिसातून तक्रार आली: लांबच्या खोलीतला संगणक चालतो, पण मुंगीच्या पावलाने. आम्ही कार्ड बदललं, स्विच बदलला, विंडोज परत घातलं. शेवटी वैतागून नवी केबल ओढली आणि ती नेहमीच्या मंत्राने मारली. सुरळीत चालू झालं. आम्ही म्हटलं, जुनी केबल खराब असेल.

ती केबल खराब नव्हती, हे मला वर्षभराने सीसीएनएच्या क्लासमध्ये कळलं. शंभर एमबीपीएसला १, २ आणि ३, ६ या पिना लागतात. ३ आणि ६ एकाच पिळातल्या दोन तारा असायला हव्यात, कारण पिळामुळेच शेजारचा गोंगाट मरतो. मी सरळ जोड्या लावल्या तेव्हा ३ एका पिळात गेली आणि ६ दुसऱ्या. टेस्टरला फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचते का एवढंच कळतं. ती कुणाबरोबर पिळलीय हे त्याला कळत नाही. सरांनी फळ्यावर चार जोड्या काढल्या आणि म्हणाले, याला स्प्लिट पेअर म्हणतात. मी मागच्या बाकावर बसलो होतो, लाजेने कान गरम झाले. बदललेलं ते कार्ड आठवलं, परत घातलेलं विंडोज आठवलं.

तो क्लास डेक्कनला, एका जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. लॅब म्हणजे तीन पंचवीसशे सिरीजचे राउटर आणि दोन स्विच, पंधरा पोरांत. राउटर विमानासारखे घोंघावत. दर पोराला आठवड्याला चाळीस मिनिटं. बाकी वेळ वहीत कमांड लिहायच्या. सबनेटिंग मी पीएमटीत शिकलो. तिकिटाच्या मागे एक पत्ता लिहायचा, समजा १७२.१६.५.१०० आणि मास्क /२७, आणि स्टॉप यायच्या आत उत्तर काढायचं. ब्लॉक बत्तीसचा, म्हणजे ९६ ते १२७. ९६ हे नेटवर्क, १२७ ब्रॉडकास्ट, माणसांच्या वाट्याला ९७ ते १२६. महिनाभराने तिकीट लागेनासं झालं.

त्याच क्लासच्या खाली चहाच्या टपरीवर पेन ड्राइव्हमधून दुसरंच शिक्षण चालायचं. डंप. परीक्षेतले प्रश्न उत्तरांसकट कुणीतरी बाहेर काढलेले, साडेतीनशे-चारशे पानांची पीडीएफ. "डंप मारला का?" हा प्रश्न "जेवलास का?" इतक्या सहजपणे विचारला जाई. आमच्यातला एकजण वीस मिनिटांत हजारपैकी हजार घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांना पॅटिस दिलं. मी डंप मारला नाही, पण त्यात नीतीपेक्षा स्वभाव जास्त होता. मला पाठांतर जमत नाही; शाळेत कवितेला नेहमी मार खाल्लाय.

परीक्षेची फी डॉलरात. डॉलर तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास होता, आणि फी माझ्या एका पगाराच्या पुढे जात होती. सेंटरवर मोबाइल, पाकीट, घड्याळ सगळं कपाटात ठेवायचं. हातात एक पुसता येणारा पांढरा तक्ता आणि मार्कर मिळतो. प्रश्न एकदा सोडला की मागे जाता येत नाही, हे सांगितलेलं असूनही पहिल्या दहा मिनिटांत माउस दोनदा मागे जायचं बटण शोधत गेला. निकाल लगेच पडद्यावर येतो. उत्तीर्ण व्हायला ८४९ लागत होते. मला ८३६.

आण्णांना फोन केला. किती कमी पडले, ते विचारलं. तेरा म्हटल्यावर म्हणाले, "मी भी पयल्यांदा बसलो नव्हतो." बसणं म्हणजे पास होणं, हा त्यांच्या बॉयलर हाउसमधला शब्दप्रयोग. हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. काचेतल्या दाखल्याआधी एक नापासाचं पत्र येऊन गेलंय, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. चार महिन्यांनी, उसने पैसे फेडून झाल्यावर, परत बसलो आणि ९१०ने सुटलो. पगार साडेपाचाचा नऊ झाला आणि माझी झेरॉक्स त्या कपाटात गेली.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायला मला आवडत नाही.

२०१० साल. एका हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावरचा स्विच मेला होता. रात्री एकची वेळ ठरवून मी आमच्या स्टोअरमधला वापरलेला स्विच घेऊन गेलो. आमची फर्म सगळ्या गिऱ्हाइकांकडे व्हीटीपीचं डोमेन एकच ठेवत असे, फर्मच्या नावाची आद्याक्षरं, आणि पासवर्डही एकच. म्हणजे कुणाला काही लक्षात ठेवायला नको. व्हीटीपी ही सोय अशी, की एका स्विचवर नवा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला वेगळा कप्पा, केला की बाकीच्या स्विचांना आपोआप कळतो. प्रत्येक बदलाला एक आकडा वाढतो, रिव्हिजन नंबर. ज्याचा आकडा मोठा, त्याची यादी खरी, आणि बाकीचे आपली यादी पुसून त्याची उतरवून घेतात. त्या आकड्यापलीकडे ते काहीही विचारत नाहीत.

माझ्या हातातला स्विच आमच्या ऑफिसच्या लॅबमध्ये वर्षभर पोरांच्या सरावाला होता. पोरं व्हीलॅन करायची, पुसायची, करायची, पुसायची. मी ट्रंकची वायर खोचली आणि खाली वाकून स्क्रू ड्रायव्हर उचलला. उभा राहिलो तर रॅकमधले हिरवे दिवे ओळीने पिवळे होत होते. आधी या मजल्यावरच्या स्विचवर. मग खिशातला फोन वाजला, कॅज्युअल्टीतून. तो कानाला लावेपर्यंत दुसरा, बिलिंगचा. मग औषधाचं दुकान. अख्ख्या इमारतीला मी एका वायरीने आंधळं केलं होतं. कॅज्युअल्टीतला आवाज म्हणाला, "सर, आत्ता अॅक्सिडेंटची केस आलीय, रजिस्टर होत नाही." मी म्हटलं, कागदावर घ्या.

पोटात खड्डा पडला होता. पण त्या खड्ड्यात पडल्या पडल्या मला माहीत होतं की काय झालंय. पुस्तकात यावर पान होतं, आणि मी त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. वायर जोडण्याआधी रिव्हिजन शून्य करा. मोड ट्रान्सपरंट करून परत आणला, तरी होतो. दहा सेकंदांचं काम. परीक्षेत विचारलं असतं तर डोळे झाकून बरोबर सांगितलं असतं, आणि साइटवर हातांनी मात्र ते केलं नाही. कन्सोलची केबल लावली, शो व्हीटीपी स्टेटस मारलं. रिव्हिजन ६१. यादीत नेहमीचा १ नंबरचा आणि पोरांनी केलेले दोन व्हीलॅन, 'टेस्ट' आणि 'टेस्ट२'. हॉस्पिटलचे चौदा व्हीलॅन पुसले गेले होते.

पोर्टांचं एक बरं असतं. आपण कुठल्या व्हीलॅनमधले, हे ज्याचं त्याला आठवत असतं. तो व्हीलॅन यादीत नाही म्हणून ते पिवळे होऊन बसतात. तो परत निर्माण केला की आपसूक हिरवे होतात. माझ्या डायरीत चौदाच्या चौदा नंबर लिहिलेले होते. कॅज्युअल्टीचा पहिला टाकला. फोनवरचा माणूस म्हणाला, "आलं, सर." सगळे मिळून एकोणीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी मी चूक लिहून दिली, तेव्हा मालक म्हणाले, "अहो, तुम्ही सर्टिफाइड ना?" टोमणा रास्त होता. मी फक्त एवढंच म्हणू शकलो असतो, की सर्टिफाइड नसतो तर ती चूक मी केलीच असती, पण एकोणीस मिनिटांच्या जागी सकाळ झाली असती, स्विचमागून स्विच बदलले गेले असते, आणि शेवटी आम्ही ठरवलं असतं की स्विच खराब होता. जशी ती केबल खराब होती. त्यांना हे बोललो नाही. त्यांना फक्त गिऱ्हाईक जाणार की राहणार हे हवं होतं. गिऱ्हाईक राहिलं.

पुढे फर्म सोडली, मोठ्या ठिकाणी गेलो आणि टेबलाच्या पलीकडे बसून पोरांच्या मुलाखती घ्यायची वेळ आली. बायोडेटा एवढे भरलेले, की सर्टिफिकेटांची नावं वाचतानाच दम लागे. सुरुवातीला मी अवघड प्रश्न विचारायचो. डंपवाले तेही पाठ करून यायचे. मग मी टेबलावर एक निळी चपटी केबल ठेवू लागलो. एका टोकाला फोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला संगणकाच्या सिरीअल पोर्टची नऊ पिनांची. म्हणायचो, ही कुठे लागते आणि लागल्यावर पहिल्यांदा काय दिसतं? कन्सोलची केबल. राउटरशी जो एकदा तरी एकांतात बोललाय, त्याच्या चेहऱ्यावर ती बघून ओळखीचं काहीतरी उमटतं. तो लगेच ९६०० म्हणतो, आठ-एन-एक म्हणतो, एखादा तर वेग चुकला की पडद्यावर कशी चिनी-मातीच्या तुकड्यांसारखी अक्षरं येतात, तेही सांगतो. हजारपैकी हजारवाला एकजण ती हातात घेऊन म्हणाला, "सर, ही लॅनची जुनी केबल का?"

सीसीआयईवाल्यांचं जगच वेगळं. ती परीक्षा १९९३ सालची. नंबर द्यायला सुरुवात १०२४पासून केली, आणि तो पहिला नंबर कुणा माणसाला न देता प्रयोगशाळेलाच देऊन टाकला. दोनाच्या दहाव्या घातावर जीव असलेल्या लोकांनाच हे सुचणार. लॅब पूर्वी दोन दिवसांची असे, २००१पासून आठ तासांची झाली. माझा एक मित्र त्यासाठी तीन वेळा बंगलोरला गेला. दोनदा परतीच्या उद्यान एक्स्प्रेसमध्ये एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या वेळी नंबर घेऊन आला आणि वर्षभरात दुबईला गेला. तो तिथे रुळला. मी त्या वाटेला गेलो नाही. आठ तास सलग बसलं तर माझी कंबर नापास होते.

हे कागद तीन वर्षांनी शिळे होतात. आण्णांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. "कागुद नासतो व्हय?" बॉयलरचं ज्ञान त्यांनी एकदा घेतलं ते निवृत्तीपर्यंत पुरलं. माझ्या हयातीत सीसीएनएचा पेपरच कितीतरी वेळा बदलला. फ्रेम रिले, जे मी तोंडपाठ केलं होतं, ते आता अभ्यासक्रमातच नाही. २४ फेब्रुवारी २०२०ला सगळी रचना नव्याने मांडली आणि महिन्याभरात देशाला टाळं लागलं.

त्यामुळे माझी पुढची परीक्षा मी घरातल्या खोलीत दिली. टेबल रिकामं करायचं, खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवायचे, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवायचं. कॅमेऱ्यातून कुणीतरी लांबून बघत बसलेलं. परीक्षा चालू असताना खोलीत कुणी आलं की परीक्षा बाद. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं, त्यातली दोन शाळकरी. मी काळजीत होतो. आण्णा म्हणाले, "तू बस. दाराचं मी बघतो." त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची दाराबाहेर लावली, टोपी घातली, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. कुकरच्या शिट्टीला त्यांनी बंदी घातली. अर्ध्या तासाने पडद्यावर निरीक्षकाचा निरोप आला: कृपया ओठ हलवू नका. मी सबनेटिंग पुटपुटत होतो, पीएमटीत लागलेली सवय. ओठ दातांत धरून उरलेला पेपर दिला. बाहेर आलो तेव्हा ते तसेच बसलेले होते, ताठ, पाळी संपेपर्यंत बसावं तसे. "बसलास?" त्यांनी विचारलं. बसलो म्हटलं. त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि कुकर लावायला सांगितलं.

आता माझ्या हाताखाली सोलापूरचा एक पोरगा आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, पण हाताला यश असं, की मी बघत राहतो. रॅकमध्ये नुसता हात घालून कुठली वायर सैल आहे हे सांगतो. कागद एकही नाही, म्हणून त्याच्या नावापुढे 'हेल्पर' लिहिलंय आणि पगारही हेल्परचा. मी दोन वर्षं त्याच्या मागे लागलो होतो, परीक्षा दे. तो म्हणायचा, "सर, मला येतंय की सगळं. कागद कशाला?" एकदा मी त्याला त्या रात्रीच्या फोनची गोष्ट सांगितली, फायलीतल्या नावाची. त्याला भलताच भाग आवडला. "म्हणजे काम करणारा मी असणार आणि नाव तुमचं?" मी म्हटलं, आहेच की आत्ताही. जुना राउटर काढला तर रिपोर्टवर सही कुणाची होते? त्यावर तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी म्हणाला, पुस्तक द्या.

गेल्या महिन्यात मी त्याला स्कूटरवरून सेंटरला सोडलं. दोन तास समोरच्या अमृततुल्यात बसलो. तो बाहेर आला तो हातात एकच कागद घेऊन, आणि चालीवरूनच कळलं. विभागवार टक्के लिहिलेले होते. केबल, स्विच, राउटिंग, सगळीकडे झकास; ऑटोमेशनच्या रकान्यात दाणादाण. ते त्याने कधी बघितलंच नव्हतं, आमच्या साइटवर ते लागतच नाही.

"पाच दिवस थांबावं लागतं," मी म्हटलं. "मग परत बसता येतं."

स्कूटरवर मागे बसला. कर्वे रोडच्या सिग्नलपर्यंत गप्प होता. मग माझ्या खांद्यावरून पुढे वाकला. "सर, एक प्रश्न आला होता—"

"थांब. प्रश्न बाहेर सांगणार नाही अशी सही करून आलायस तू."

"बरं, नाही सांगत." सिग्नल सुटला, पुढचा लागला. "पण समजा, सर. नुसतं समजा हं. दोन स्विच आहेत…"

मी स्कूटर बाजूला घेतली. त्याने निकालाचा कागद उलटा केला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि सीटवर ठेवून दोन चौकोन काढले.